मुलांच्या डोळ्यांच्या ओपीडीत नेमकं काय काय येतं

ताई, तुमचा प्रश्न असा की दवाखान्यात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या डोळ्यात काही ना काही दोष सापडतो असं कुठंतरी वाचलं, ते खरं का, आणि तुमची मुलगी ६ वर्षांची, पहिलीत, काहीच तक्रार नाही, टीव्हीपण लांबूनच बघते, मग तिला उगाच दाखवायचं का. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देतो, दाखवा. का ते सांगायला मात्र पहिल्या प्रश्नातूनच जावं लागेल, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नेत्रचिकित्सा अधिकारी आहे, सरकारी दवाखान्यात २२ वर्षं झाली, आधी ग्रामीण रुग्णालय, आता उपजिल्हा. डॉक्टर नाही मी, ऑपरेशन माझं काम नाही, नंबर काढणं, शाळा तपासणी, शिबिरं आणि सर्जनकडं कोणाला पाठवायचं हे बघणं, हे माझं रोजचं. त्यामुळं जे सांगतो ते माझ्या स्टुलावरून जेवढं दिसतं तेवढं.

टक्का ऐकला की पहिल्यांदा विचारायचं, कशातला टक्का. डोळ्यांच्या ओपीडीत आलेल्या १०० मुलांतला, का लहान मुलांच्या डॉक्टरकडं सर्दी-जुलाबाला आलेल्या १०० मुलांतला, का गावातल्या सगळ्या १०० मुलांतला. डोळ्यांच्या ओपीडीत आलेल्यांच्या डोळ्यात दोष निघणारच ना, त्यासाठीच तर केसपेपर काढलाय. तिथं उभं राहून मुलांचे डोळे किती बिघडलेत हे मोजणं म्हणजे मंडईत उभं राहून गावात भाजी किती जण खातात ते मोजण्यासारखं आहे. बरं, दवाखाना बदलला की आकडापण बदलतो. परळच्या टाटाला किंवा हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन बसलात तर रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या कॅन्सरची लेकरं नेहमीच दिसतील, कारण लांबलांबून तिथंच पाठवतात, पण मुळात तो आजार साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एकाला. माझ्याकडं इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आली.

तरी ढोबळ चित्र विचाराल तर आपल्याकडच्या दवाखान्यांच्या नोंदीत वरच्या दोन जागा जवळपास ठरलेल्याच, एक चष्म्याचा नंबर आणि दुसरं डोळे लाल होणं-खाजणं, यात अ‍ॅलर्जी आणि इन्फेक्शन दोन्ही आलं. कुठं हे वर, कुठं ते वर. त्यांच्यामागं तिरळेपणा, मार लागणं, अश्रूंची नळी बंद असणं, पापणीचे आजार, आणि मग थोडेथोडे बाकीचे सगळे. वयाप्रमाणं पण वाटणी वेगळी, वर्षाच्या आतलं बाळ आलं की बहुतेक डोळ्यातून पाणी आणि चिपडं, शाळेचं मूल आलं की नंबर नाहीतर खाज, आणि मधल्या २ ते ५ वर्षांच्या वयात मुलं फारशी येतच नाहीत. ही मधली पोकळीच मला जास्त त्रास देते, त्यावर येतो पुढं.

मे महिन्यातला सोमवार घ्या. शाळेला सुट्टी, मामाच्या गावाला आलेली लेकरं, बाजारचा दिवस, त्यामुळं गर्दी. पहिलं आलं ४ महिन्यांचं बाळ, एका डोळ्याच्या पापण्या सकाळी चिकटलेल्या असतात, जन्मल्यापासून पाणी गळतंय, आजी म्हणते रोज दूध घालतोय आईचं. नाकात उतरणाऱ्या नळीच्या तोंडाशी पातळ पडदा राहिलेला असतो, बाकी काही नाही. १० पैकी ९ बाळांचं वर्षाच्या आत आपोआप उघडतं, मालिश तेवढं नीट पाहिजे, आणि मालिश म्हणजे गालावर बोट फिरवणं नव्हे, करंगळीचं नख कापायचं, डोळा आणि नाक यांच्या मधल्या कोपऱ्यात बोट टेकवायचं आणि दाबून खाली नाकाकडं ओढायचं, एका वेळी दहादा, दिवसातून चार-पाच वेळा. मी आईचंच बोट धरून करून दाखवतो कारण तोंडी सांगितलं की घरी जाऊन गालच चोळतात. आईचं दूध बाळाच्या पोटात घाला, डोळ्यात नको, हे मी इतक्यांदा बोललोय की आता आमच्या सिस्टरच माझ्याआधी बोलतात.

मग ८-९ वर्षांचा मुलगा, सोबत आजोबा. डोळे मातकट लाल, सारखा मुठीनं चोळतोय, आणि डोळ्यातून दोऱ्यासारखी चिकट तार निघते, आई ती ओढून काढते. ही उन्हाळी अ‍ॅलर्जी, आम्ही व्हीकेसी म्हणतो, कोरड्या गरम भागात जास्त, मुलांना मुलींपेक्षा जास्त, ५-६ व्या वर्षी सुरू होते आणि वयात आल्यावर बहुतेकांची जाते. वरची पापणी उलटवली की आत फरशीच्या तुकड्यांसारखे चपटे उंचवटे दिसतात, एकदा बघितलं की माणूस विसरत नाही. आजार तसा डोळा घालवणारा नाही, डोळा घालवतो तो उपाय. कसा, तर मेडिकलवाला अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले ड्रॉप देतो, दोन दिवसात डोळे पांढरेशुभ्र, घरच्यांना वाटतं जादू झाली, मग रिकामी बाटली खिशात घालून दरवर्षी उन्हाळा लागला की 'हेच द्या'. तीन-चार वर्षं असं चाललं की काहींच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो, मोतीबिंदूपण होतो, आणि १२ वर्षांच्या पोराला काचबिंदू झालेला ओळखायचा कोणी, ते तर म्हणतंय खाज थांबली. त्या आजोबांनी खिशातून तीच बाटली काढून टेबलावर ठेवली, अगदी भक्तिभावानं. स्टेरॉइड कधीच देत नाहीत असं नाही, डॉक्टर देतात, पण थोडे दिवस, मोजून आणि प्रेशर बघत बघत. रोजच्याला खाजेचे साधे ड्रॉप, थंड पाण्याची पट्टी आणि चोळणं बंद. चोळून चोळून बुबुळ पातळ होऊन पुढं निमुळतं होतं तो वेगळा ताप.

त्याच दिवशी दुपारी चुना. आजोबांच्या तंबाखूतली चुन्याची पुडी ३ वर्षांच्या नातवाला खेळायला दिलेली, त्यानं दातानं दाबली, फुटली ती सरळ डोळ्यात. घरच्यांनी आधी तूप घातलं, मग रिक्षा शोधली, मग आम्ही. सलाईनची बाटली स्टँडला टांगायची, नळी डोळ्यावर धरायची आणि धुवत राहायचं, मूल किंचाळतंय, दोघं धरायला, पापणी दोनदा उलटवून आतल्या कोपऱ्यातले पांढरे कण कापसाच्या काडीनं एकेक वेचायचे, कण राहिला तर तो रात्रभर जाळत राहतो. ताई, तुमच्या घरात कोणी तंबाखू खात असेल तर ही पुडी विस्तवासारखी जपा, आणि कधी असं झालंच तर रिक्षाच्या आधी नळ, २०-३० मिनिटं धो धो पाणी, साधं नळाचं, तूप नाही, मध नाही, दूध नाही. डोळा वाचायचा का जायचा हे बहुतेक वेळा त्या पहिल्या दहा मिनिटांत ठरून जातं, आमच्या दारात येईपर्यंत अर्धा निकाल लागलेला असतो.

मार लागण्याच्या केसेस हंगामी असतात. विटीदांडू सुट्टीत, फटाके दिवाळीत, मांजा संक्रांतीत, खराट्याची काडी आणि शिसपेन्सिल बारा महिने. एक आपल्याकडची खास गोष्ट सांगतो जी पुस्तकात सहसा मिळणार नाही, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, पानं तोडायला पोरांनाच पाठवतात आणि तोच हात डोळ्याला लागतो. रुईच्या चिकाची गंमत म्हणजे फारसं दुखत नाही, म्हणून कोणी आणत नाही, दुसऱ्या दिवशी मूल म्हणतं धुकं धुकं दिसतंय, बघावं तर बुबुळ सुजलेलं. वेळेत आलं तर बहुतेक बरे होतात.

आणि साथ. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून डोळ्यांची साथ उठली ते तुम्हाला आठवत असेलच, त्या जुलै-ऑगस्टमध्ये रजिस्टर उघडलं तर पानंच्या पानं 'डोळे आले'. त्या दोन महिन्यांचा टक्का काढून कोणी छापला असता तर वाटलं असतं मुलांना दुसरा आजारच नाही.

आता गावातली सगळी मुलं धरून काय, हे बघू, कारण खरा आकडा तिथं. यावर चांगलं काम झालेलं आहे. २००२ साली दोन पाहण्या छापून आल्या, पद्धत एकच, एक दिल्लीच्या शहरी वस्त्यांत आणि दुसरी तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्याच्या खेड्यांत, घरोघर जाऊन मुलं तपासली, दवाखान्यात वाट बघत बसले नाहीत. दिल्लीत ५ ते १५ वयाच्या मुलांत लांबचं कमी दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबर ७.४ टक्के मुलांना निघाला, महबूबनगरला ७ ते १५ वयात ४.१ टक्के. पुढं २०१५ ला दिल्लीच्याच शाळकरी मुलांच्या एका अभ्यासात मायनसवाले १३.१ टक्के आले. मुलं निवडायची पद्धत वेगळी म्हणून दिल्लीचे दोन्ही आकडे शेजारी ठेवून गणित मांडू नका, पण दिशा कळते, आणि लॉकडाऊनमध्ये दोन वर्षं मोबाईलवर शाळा झाल्यावर ती दिशा बदललीय असं मला तरी दिसलेलं नाही. म्हणजे निम्मी वगैरे नाहीत, ताई. शंभरात पाच-दहा-पंधरा, शहर का खेडं त्यावर.

पण त्या दोन पाहण्यांत माझ्या डोक्यात बसलेला आकडा वेगळाच आहे. दोन्ही डोळ्यांतला त्यातल्या त्यात चांगला डोळापण अधू, म्हणजे ६/१२ (चांगल्या नजरेला जे १२ मीटरवरून दिसतं त्यासाठी ६ मीटरवर यावं लागतं) किंवा त्याहून कमी, अशी मुलं चष्म्याशिवाय दिल्लीत ६.४ टक्के. मूल घरून जसं आलं, चष्मा असेल तर चष्म्यासकट, तेव्हा ४.९ टक्के. म्हणजे काहींकडं तरी चष्मा होता. महबूबनगरला चष्म्याशिवाय २.७ आणि आहे तसं २.६. फरक ०.१ चा. म्हणजे ज्यांना लागत होता त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाच्याच नाकावर चष्मा नव्हता. आणि बरोबर नंबर लावून बघितल्यावर दोन्हीकडं उरले ०.८ टक्क्याच्या आसपास, बाकी सगळे काचेच्या दोन तुकड्यांनी बरे होणारे. ही मुलं कुठल्याच दवाखान्याच्या रजिस्टरात नव्हती ना. दवाखान्याचा टक्का निम्मा असू दे नाहीतर पाव, त्यात ही धरलेलीच नाहीत.

मला इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट हीच आहे, काही आजार बोंबलतात आणि काही गप्प बसतात. लाल होणं, खाजणं, दुखणं, पाणी येणं हे बोंबलणारे, ते आपल्या पायानं येतात आणि रजिस्टर भरतात. नंबर अर्धा गप्प, मूल बारीक डोळे करतं, वहीत नाक खुपसतं, शेजारच्याचं बघून उतरवतं, मास्तरला वाटतं मठ्ठ आहे. आणि पूर्ण गप्प म्हणजे आळशी डोळा, मघाशी म्हटलेल्या २ ते ५ च्या पोकळीत सुटतो तो हाच. एक डोळा चांगला आणि दुसऱ्याला जास्त नंबर असला की मेंदू चांगल्याचंच चित्र घेतो, दुसऱ्याचं घेणं सोडून देतो, आणि मग तो डोळा बघायला शिकतच नाही. मूल पळतं, खेळतं, वाचतं, टीव्ही लांबून बघतं. तक्रार कशाची करणार, त्याला जग असंच माहीत आहे. वरच्या पाहण्यांत नजर कमी असलेल्या डोळ्यांपैकी दिल्लीत ४.४ टक्के डोळे आळशी डोळ्यामुळं कमी होते आणि महबूबनगरला १२ टक्के. माझा अर्थ असा की जिथं लहानपणी कोणी बघत नाही तिथं नंबर नुसता नंबर राहत नाही, मुरतो.

यात माझीपण एक चूक आहे, सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं, एक ७ वर्षांचा मुलगा आला, उजव्या डोळ्यात कचरा, डोळा उघडेना. मी वरची पापणी उलटवली, काळा कण होता, ओल्या कापसानं काढला, मुलगा हसला, आईनं हात जोडले. आई बोलून गेली होती, 'कचरा गेल्यापासून म्हणतंय मला काहीच दिसंना, रस्त्यानं हाताला धरून आणलं.' मी म्हटलं, होतंच तसं. रजिस्टरात लिहिलं 'कचरा, काढला' आणि पुढचा केसपेपर. चार वर्षांनी शाळा तपासणीत सहावीच्या वर्गात तोच मुलगा. डाव्या डोळ्यावर हात ठेवला तर तक्ता घडाघडा वाचला. उजव्यावर ठेवायला सांगितला तर मान वळवायला लागला, बोटांच्या फटीतून बघायला लागला, दटावलं तर म्हणाला, 'सर, आता काय वाचू?' डावा डोळा ६/६०, नंबर काढला तर प्लस साडेपाच. म्हणजे कचरा चांगल्या डोळ्यात गेला होता, म्हणून त्याला काहीच दिसत नव्हतं, कचऱ्यामुळं नव्हे. दुसरा डोळा उघडाच होता की. आईनं निदान माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं आणि मी ते पुसून टाकलं. ११ व्या वर्षी चष्मा दिला, चांगला डोळा झाकायची पट्टी लावली, वर्षभर झटलो, ६/२४ पर्यंत आला. सातव्या वर्षी धरला असता तर किती आला असता याचा हिशेब मी करत नाही.

तेव्हापासून डोळ्यात कचरा असो का रांजणवाडी असो, दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासल्याशिवाय मूल माझ्या खोलीतून बाहेर जात नाही. रजिस्टरात निदानाचा कॉलम एकच असतो हे पण लक्षात ठेवा, आलेल्या कारणाचं नाव लिहिलं जातं, सापडलेल्याचं नाही, आणि शोधलंच नाही तर सापडणार काय.

पट्टीबद्दल आईबापांना फार धास्ती असते, पोर दिवसभर एक डोळा झाकून कसं राहील. पूर्वी दिवसभर झाकायचेच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की ७ वर्षांच्या आतल्या मुलांत मध्यम आळशी डोळ्याला रोज २ तास झाकणं आणि ६ तास झाकणं यात फरक पडत नाही. २ तास म्हणजे काहीच नाही हो, रंगवायला बसवायचं, मणी ओवायला द्यायचे. फक्त आधी चष्मा, मग पट्टी, आणि पट्टी चांगल्या डोळ्यावर. उलटी लावून आणलेलीसुद्धा बघितलीत मी.

तिरळेपणाचं काय होतं, लोक त्याला आजारच मानत नाहीत. लकी असतो म्हणतात, वाढत्या वयात जातो म्हणतात. पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडंतिकडं जातात ते चालतं, त्यानंतर एकही दिवस चालत नाही. उलट बाजूनं, कितीतरी बाळं तिरळी नसतातच, नाकाचं हाड बसकं आणि रुंद असल्यानं तशी दिसतात, टॉर्चचा ठिपका दोन्ही बुबुळांच्या मधोमध आला की आम्ही आईला तोच दाखवून घरी पाठवतो. उन्हात गेलं की मूल एकच डोळा मिटतं का, हे बघत जा, बाहेर सरकणाऱ्या तिरळेपणाची ती पहिली खूण असते आणि घरचे म्हणतात ऊन लागतंय.

दुर्मिळ पण ज्यात एकेक आठवडा मोलाचा, त्यातलं पहिलं म्हणजे बुबुळाच्या मधोमध पांढरं दिसणं. आया म्हणतात, अंधारात मांजरासारखा डोळा चमकतो. आजकाल बारशाच्या फोटोतून कळतं, फ्लॅशमध्ये एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरं. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, कॅन्सर असू शकतो. कशालाही थांबायचं नाही, पुढच्या सोमवारीसुद्धा नाही. जन्मजात मोतीबिंदू दाट असला तर ऑपरेशन सहा-आठ आठवड्यांच्या वयात व्हायला पाहिजे, आणि आमच्याकडं लोक आणतात वर्षाचं झाल्यावर कारण 'इतक्या लहान जीवाला भूल कशी द्यायची'. दुसरं म्हणजे कमी दिवसांची बाळं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा आतला पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचाच, फारच लहान असेल तर त्याहून आधी. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे कक्ष झाले, पूर्वी जी जगली नसती ती बाळं आता जगतात, ही चांगलीच गोष्ट, पण त्यातून कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा हा आजार, आम्ही आरओपी म्हणतो, वाढला. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, बाळ हसतं, आणि आत पडदा सुटत असतो. वेळेत लेसर किंवा इंजेक्शन झालं तर नजर वाचते, पडदा सुटल्यावर फार काही हातात राहत नाही. डिस्चार्ज कार्डवर तारीख लिहिलेली असते, पण बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडत नाही म्हणून ती तारीख हुकते, हे मी दरवर्षी बघतो.

पूर्वी आम्ही जे शोधायचो ते मात्र कमी झालं. संध्याकाळी अडखळणारी, रातांधळी लेकरं, डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा डाग, गोवर होऊन डोळ्यात फूल पडलेलं मूल. गोवराची लस आणि अ जीवनसत्त्वाचे डोस यांनी काम केलं, ९ व्या महिन्यात १ लाख युनिट आणि मग दर सहा महिन्यांनी २ लाख, ५ वर्षांचं होईपर्यंत, असे ९ डोस. पहिला सगळे घेतात, पुढचे बरेच जण विसरतात. महाराष्ट्रातल्या अंधशाळांची पाहणी पुण्याच्या मंडळींनी २००७ मध्ये छापली होती, त्यात सगळ्यात मोठा गट जन्मतःच डोळा नीट न घडलेल्यांचा निघाला, बुबुळ खराब झालेल्यांचा त्याच्या खाली. आतेमामे लग्नांचा विषय इथं निघतो, पण तो काढला की सोयरेधायरे रुसतात, तेव्हा राहू दे.

सरकारी व्यवस्था नाही असं नाही. २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, डोळे त्यात आहेत, चष्मे फुकट मिळतात. अडचण पुढची. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ज्या २३१२ मुलांना चष्मे दिले होते त्यांच्यातल्या १०१८ जणांना सहा महिने ते वर्षभरानं जाऊन बघितलं तर त्यातल्या २९.५ टक्केच मुलांच्या डोळ्यावर चष्मा होता. घरी विसरला, मोडला, हरवला. आणि खरं कारण मधल्या सुट्टीत कळतं, 'ए ढापण्या', 'ए बॅटरी'. मुलींच्या बाबतीत आईच म्हणते, सर, लग्नाला अडचण येईल, ड्रॉपवर भागवा की. मी आता चष्मा मुलालाच निवडायला लावतो, त्याला आवडलेली भडक निळी फ्रेम बापाला नाही आवडली तरी, कारण घालायची त्याला आहे.

तर तुमची मुलगी. तक्रार नाही हे चांगलंच आहे पण तो पुरावा नाही, एक डोळा चांगला असला तर तक्रार येतच नाही. ६ वर्षं हे वय अजून हातातलं आहे. खरं तर जन्मल्यावर एकदा, वर्षाच्या आत एकदा, ३ ला आणि शाळेत घालताना असं दाखवायला हवं होतं, राहिलं तर राहिलं. घरी आज एवढं करा, तिचा एक डोळा तळहातानं झाका, बोटांनी नाही, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, मग दुसरा. एका बाजूला रडायला लागली किंवा हात ढकलायला लागली तर उद्याच या. दोन्हीकडं सारखं वाचलं तरी या, पण आठवडाभरात आलात तरी चालेल.

चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नंबर काढून घेऊ नका, या वयात डोळ्याचे आतले स्नायू इतके जोरात काम करतात की मशीन फसतं आणि नसलेला मायनस नंबर दाखवतं. औषध घालूनच तपासायचं. औषध थोडं झोंबतं, दहा-दहा मिनिटांनी घालतात, बाहुली मोठी होते, दिवसभर जवळचं धूसर दिसतं, त्यामुळं त्या दिवशी गृहपाठ नको. सकाळी खाऊ घालून आणा आणि जाताना उन्हाला टोपी लागेल ती बरोबर ठेवा. आणि कृपा करून तक्ता पाठ करून घेऊ नका. एका बाबांनी मुलीला चष्मा लागू नये म्हणून मोबाईलवरून सगळी अक्षरं पाठ करून घेतली होती, पोरीनं डोळे मिटूनच सुरुवात केली, शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक नाही. मी तक्ता बदलून चहूबाजूंना वळलेल्या ई चा लावला.